"मोबाइलवर तासभर बसतो, मग अभ्यासालाच का नाही?"

गेल्या महिन्यात हा प्रश्न मला चार आयांनी विचारला, तोही जवळपास त्याच शब्दांत. "मॅडम, मोबाइल दिला की जागचा हलत नाही. अभ्यासाला बसवलं की पाच मिनिटांत तहान लागते, शू लागते, पेन्सिलीचं टोक मोडतं. म्हणजे मुद्दामच करतो ना?" त्या 'मुद्दाम'साठी अर्णवची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, घरच्यांना विचारून लिहिते आहे.

अर्णव आठ वर्षांचा, तिसरीत. आई पतसंस्थेत नोकरीला, वडिलांचं दुचाकींचं गॅरेज. वर्षभरात चार कंपास, दोन बाटल्या आणि एक स्वेटर हरवलेला. डायरीत एक दिवसाआड लाल शेरा. आई एका दमात सगळं बोलली आणि शेवटी खाली बघत म्हणाली, "रोज मारते. मग तो झोपला की त्याच्या उशाशी बसून रडते." वडील खुर्चीच्या कडेवर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत.

आधी डोळे आणि कान तपासून घेतले, झोपेची चौकशी केली, मग मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. चंचल मूल दिसलं की लगेच एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या विकाराचा, शिक्का मारायचा नसतो. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यांनी मुलाचं रोजचं जगणं अडायला हवं. अर्णवच्या बाबतीत हे सगळंच होतं.

पण आईच्या मनातला 'मुद्दाम' निदानाच्या कागदानं हलला नव्हता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. संतापाच्या मुळाशी कुठला विचार बसलाय, तो सापडल्याशिवाय मी पुढे जात नाही. म्हणून पुढच्या भेटीत आईच्या देखत अर्णवला सांगितलं, "बाहेर बाकावर तुझं दप्तर आहे. त्यातून मराठीची वही, कंपास आणि डबा घेऊन ये."

पाच मिनिटांनी स्वारी आली. वही नाही, डबा नाही. मूठ घट्ट मिटलेली. आईचे डोळे मोठे झाले, मी हातानं थांबवलं.

"काय आणायला सांगितलं होतं?"

"मराठीची वही, कंपास, डबा." अगदी त्याच क्रमानं.

"मग?"

त्यानं मूठ उघडली. तळव्यावर बेअरिंगचा एक चकचकीत छर्रा होता, गॅरेजमधून आणलेला. "कंपास उघडला तर आत हा होता." मग माझ्याकडे नाही, आईकडे बघून हळूच म्हणाला, "मी विसरलो नव्हतो. मध्ये छर्रा आला."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे तो मला रोज सांगतो, मॅडम. मध्ये अमुक आलं, मध्ये तमुक आलं. मी म्हणते, सबबी सांगू नकोस."

त्या क्षणी तिच्या मनातला 'मुद्दाम' सैल झालेला मला दिसला. इतक्या वर्षांच्या कामात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते असे क्षण.

आपल्याकडे 'कळतं पण वळत नाही' असं म्हणतात. या मुलांची अडचण इतक्या नेमक्या शब्दांत मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. काय करायचं ते त्यांना कळत असतं. ऐन वेळी मधला छर्रा बाजूला ठेवून मूळ कामाकडे वळणं जमत नाही. आणि आपण मात्र उपाय करतो तो कळण्यावर. पुन्हा समजावतो, पुन्हा बजावतो, शंभर वेळा लिहून घेतो. मदत हवी असते वळण्याच्या जागी, त्या क्षणाला.

यामागे मेंदूची वाढ आहे. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेऊन तपासली. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमाराला पूर्ण जाडीला पोचतो, तो एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमाराला पोचलेला दिसला. वाढीचा क्रम तोच होता, फक्त उशीर होता, आणि लक्ष व आवर यांच्याशी संबंधित भागांत तो सगळ्यात जास्त होता. मी आईला म्हटलं, "स्वतःला आवरण्याच्या बाबतीत त्याला आठचा नका धरू, पाच-सहाचा धरा." तिनं लगेच विचारलं, "पाच वर्षांच्या मुलाला मी एकट्याला दप्तर भरायला लावलं असतं का?" उत्तर तिचं तिलाच मिळालं.

आणि मोबाइल? तिथे दर काही सेकंदांना नवं चित्र, नवा आवाज, लगेच बक्षीस. लक्ष धरून ठेवण्याचं काम मोबाइलच करतो, मुलाला करावं लागत नाही. पाढ्यांच्या वहीत ते त्याला स्वतःला करावं लागतं. म्हणून तो तिथे बसतो आणि इथे बसत नाही.

दप्तरासाठी मी यादी लिहून भिंतीवर लावायला दिली होती. दोन आठवडे झाले, काही फरक नाही. म्हणून एकदा वडिलांकडे वळले. "तुमच्या गॅरेजमध्ये हत्यारं हरवत नाहीत?"

"नाही." मग पहिल्यांदाच मोकळे बोलले. "लहानपणी मी असाच होतो. पट्ट्यानं मार खाल्लाय. अजूनही काही लक्षात राहत नाही. म्हणून गॅरेजात प्रत्येक पान्याचा आकार भिंतीवर रंगवलाय. जागा रिकामी दिसली की समजतं काय राहिलंय. मला आठवत नाही, म्हणून भिंतीला आठवायला लावलंय."

मी शिकले त्यातलं कितीतरी या एका वाक्यात होतं. हा त्रास घराण्यात उतरतो हे मला ठाऊक होतं. त्यावरचा उपायही त्याच घरात तयार असतो, हे त्या दिवशी दिसलं. आम्ही तिथेच कागद घेतला. दाराशेजारी एक फळी, तिच्यावर डबा, बाटली, कंपास, डायरी यांचे रंगवलेले आकार. रात्री वस्तू आकारावर ठेवायच्या, सकाळी दप्तरात जायच्या. फळी रिकामी झाली की निघायचं. यादी मुद्दाम वाचावी लागते. रिकामा न झालेला आकार डोळ्यांत आपोआप भरतो.

बाकीचंही याच विचारानं बसवलं. स्वयंपाकघरातून ओरडून तीन कामं सांगण्याऐवजी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एकच काम. दहा मिनिटं अभ्यास, मग उठून एक फेरी. कौतुक त्याच क्षणी करायचं, 'परीक्षेनंतर सायकल' या मुलांना फार लांब पडते. वर्गशिक्षिकेनं त्याला पहिल्या बाकावर घेतलं, फळा पुसायचं काम दिलं, त्यामुळे उठायला हक्काचं कारण मिळालं.

गोळीबद्दल सगळेच घाबरत विचारतात. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे गुंगीचं औषध नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते अनेक मुलांना चांगलं लागू पडतं. भूक मंदावू शकते, म्हणून वजन आणि उंची बघत राहावं लागतं. अर्णवला सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ते सुरू केलं, आणि मी आईला ते नाकारू नका म्हणून सांगितलं. आणि मुलींकडे जरा जास्त लक्ष द्या. त्यांच्यात बरेचदा उड्या नसतात, नुसतं खिडकीबाहेर बघणं असतं. 'शांत आहे' म्हणून त्या वर्षानुवर्षं सुटून जातात.

मार बंद झालाय. कंपास या वर्षी एकच हरवला. परवा आईनं फळीचा फोटो पाठवला. खालच्या कोपऱ्यात अर्णवनं खडूनं एक नवा आकार काढला होता, किल्लीचा. खाली लिहिलं होतं, 'बाबांची'.