पाऊस लागला की सोसायटीचा डिझेल जनरेटर सुरू व्हायला त्रास देतो. डिझेल फवारणारं पंप-नोझल उघडावं का?

नका उघडू. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला तुमच्या सोसायटीत ६२.५ केव्हीएचा सेट आहे. मे महिन्यापर्यंत तो एका सेल्फमध्ये लागत होता. जून लागल्यापासून तीन-तीन सेल्फ खातो, कधी पॅनेलवर फॉल्टचा दिवा लावून गप्प बसतो आणि चार दिवस पाऊस उघडला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. एका मेकॅनिकने पंप कॅलिब्रेशन आणि नवीन नोझल सांगितले, दुसऱ्याने हीटर प्लग (थंडीत इंजिन आतून तापवणारा). मी वागळे इस्टेटमध्ये जनरेटर दुरुस्तीचंच काम करतो. पावसाळा आला की असे फोन येतातच, आणि त्यात पंप बिघडलेला निघणं फार विरळा. तुम्हीच विचार करा, झिजलेला पंप पाऊस उघडल्यावर बरा कसा होईल?

डिझेल इंजिनाला ओल्या हवेचं काही वावडं नसतं. पेट्रोलसारखा इथे स्पार्क प्लग नाही, ओली होऊन करंट सोडणारी प्लगची वायर नाही. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्याला पेटायला साधारण २१० अंश पुरतात. भर जुलैत आपल्याकडच्या एका घनमीटर हवेत साधारण २२-२४ ग्रॅम पाणी असतं, पण ते आधीच वाफेच्या रूपात असतं. त्याने इंजिनाला काही फरक पडत नाही. थंडी म्हणाल तर ठाण्यात पावसाळ्यात पारा सहसा २४ च्या खाली उतरत नाही. त्यामुळे हीटर प्लगचा सल्ला सोडून द्या. तुमच्या आकाराच्या बहुतेक सेटना हीटर प्लग नसतोच. तो बघायला सांगणाऱ्याने तुमचं इंजिन नीट पाहिलं नसावं.

मग ओल नडते कुठे? इंजिनाच्या आजूबाजूला: वायरींना आणि टाकीला.

पहिली तपासणी फुकटची आहे. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. इंजिन जड, रेंगाळत फिरतंय का? मग दोष विजेच्या बाजूचा. जोरात फिरतंय पण धूर अजिबात नाही? मग डिझेल पोचतच नाहीये. जोरात फिरतंय आणि पांढरा धूर सोडतंय? मग डिझेल जातंय पण जळत नाहीये, म्हणजे त्यात पाणी असू शकतं. एवढं सांगितलंत तरी मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

मला स्वतःला संशय आहे तो यातल्या पहिल्याचा, म्हणजे विजेच्या बाजूचा. सेटची बॅटरी वर्षभर चार्जरवर लटकलेली असते, आणि चार्जरचा फ्यूज गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात तुमच्याकडे एका बाजूला खाडी, म्हणजे हवेत मीठ. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमते. बॅटरीच्या डोक्यावरची धूळ ओली झाली की तिच्यातूनही थोडाथोडा करंट गळत राहतो. मल्टिमीटरची एक पिन निगेटिव्हला लावून दुसरी नुसती बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवर फिरवा. काही व्होल्ट दाखवले तर गळती समोरच दिसेल. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही विसरू नका: पॅनेल ऑटोवरून काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. तुम्ही फॅनजवळ हात घालून उभे आणि लाइट गेली, तर सेट तुम्हाला विचारून सुरू होणार नाही.

साफ करून जोडल्यावर मोजा. बॅटरी नुसती उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी दमलीय किंवा चार्ज नाही. पण खरी गंमत पुढे आहे. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, रंगावर नको. आता सेल्फ मारा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची केबल किंवा तिचा नट गंजलाय, आणि बॅटरी नवी टाकली तरी सेल्फला पुरेसा करंट मिळणार नाही. असे कितीतरी सेट मी पाहिलेत जिथे बॅटरी दोनदा बदलली होती आणि दोष होता चासीवरच्या एका गंजलेल्या बोल्टात. सँडपेपरने घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. पॉझिटिव्हच्या बाजूलाही बॅटरीपासून सेल्फपर्यंत असंच मोजा. बॅटरी आणि दोन्ही केबल चोख निघाल्या, तरच सेल्फ उतरवून त्याचे कार्बन (ब्रश) बघायला सांगा.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. तीन प्रयत्नांनंतर पॅनेल स्वतःच थांबतं ते याच कारणाने. तो बिघाड नाही. मात्र कारण न शोधता रीसेट दाबत बसू नका.

आता टाकी. टाकीला आतून घाम येतो, असं सगळे सांगतात. ते थंड प्रदेशात खरं असेल, पण आपल्याकडे पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फरकच किती पडतो? पाणी येतं ते झाकणाच्या कडक झालेल्या रबरातून आणि वॉचमनने उघड्यावर ठेवलेल्या कॅनमधून. वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या फिल्टरचा) खालचा स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाशी स्वच्छ वेगळं दिसतं. मधल्या रेषेवर काळपट चिकट थर दिसला तर टाकीत जंतू वाढलेत. मग नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीचा तळ उपसून धुवावा लागेल. सेपरेटर उघडलाच आहे तर हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारून डिझेलच्या लाइनमधली एअर काढायला विसरू नका.

धूरच नसेल तर आधी स्टॉप सोलेनॉइड (इंजिन बंद करताना डिझेल तोडणारा विजेचा खटका) बघा. ओलीत त्याचा दांडा गंजून अडकतो आणि डिझेल बंद ठेवतो. कधीकधी एक थेंब तेल आणि बोटाची एक ढकल पुरते. एअर फिल्टरही हाताने चाचपा. कॅनोपीची (सेटवरच्या पेटीची) जाळी पावसाच्या तोंडाला असेल तर कागद भिजून फुगतो.

आणि एक धोक्याची गोष्ट. सायलेन्सरच्या पाइपावरचं पावसाचं झाकण जागेवर आहे का ते बघा. ते नसेल किंवा उघडं अडकलं असेल तर पाणी पाइपातून सरळ इंजिनापर्यंत उतरतं. सेल्फ मारल्यावर इंजिन एकदा टक् करून जागच्या जागी अडकलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. अशा वेळी नोझल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं लागतं. नोझल उघडायचं मला पटणारं कारण हेच.

एखादा मेकॅनिक स्टार्टिंग स्प्रे मारून सेट लावून दाखवेल, त्याला भुलू नका. त्याने मूळ कारण झाकलं जातं आणि रोज मारला तर पिस्टन-रिंगला मार बसतो.

सगळं मार्गी लागल्यावर आठवड्यातून एकदा सेट चालवा, पण रिकामा नाही. लिफ्ट आणि पाण्याचा पंप त्याच्यावर टाकून अर्धा तास चालवा. बिनलोडचा चालवलात तर इंजिन नीट तापत नाही आणि न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं.

इतकं करूनही त्रास राहिला तर धुराचा रंग आणि बॅटरी उभी असतानाचे व सेल्फ मारतानाचे व्होल्ट इथे लिहा, मी बघतो.