आजच्या मापाचे दोन स्कर्ट

प्रिय पोरी,

जुने स्कर्ट मांड्यांवरच अडकतात आणि वजन उतरेपर्यंत नवे घ्यायचे नाहीत, असं ठरवलंस म्हणे. वजनाचं तू आणि तुझे डॉक्टर बघा. नागपूरचा मे काही त्यासाठी थांबत नाही. आज आहे त्या मापाचे दोन स्कर्ट घे.

बर्डीच्या बाजारात जायच्या आधी घरी टेप लाव. कमर उभ्याने मोज आणि बसूनही मोज. बसल्यावर इंच-दीड इंच सहज वाढतो, आणि ऑफिसात तू दिवसभर बसलेलीच असतेस. सीटचं, म्हणजे नितंबांचं, माप सगळ्यात रुंद जागी घे, कारण स्कर्ट तिथेच अडतो. एल की डबल एक्सएल, त्या लेबलकडे लक्ष देऊ नकोस. भारतीय अंगांचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन-संस्थेने सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायला घेतली, तीही गेल्या काही वर्षांतच. जो तो आपापल्या तक्त्याने शिवतो, त्यामुळे एका दुकानात एल बसलेली बाई शेजारच्या दुकानात डबल एक्सएल ठरते, यात तिच्या अंगाचा काय दोष?

आता बेतणी. कमरेला चारी बाजूंनी चुण्या असल्या की सगळं कापड नेमकं पोटावर गोळा होतं. तुला कळीदार (वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या जोडलेला) किंवा ए-लाइन शोभेल: सीटपर्यंत अंगासरशी आणि तिथून खाली मोकळा घेर. पट्टी पुढून सपाट, इलॅस्टिक फक्त मागे, असा मिळाला तर सोडू नकोस. नेफ्यात नाडी असेल तर आणखी बरं, कमर दोन इंच इकडेतिकडे झाली तरी चालतं. आणि स्कर्ट उलटा करून बघच. बाजूच्या शिवणीत इंचभर कापड दाबलेलं असेल तर पुढे उसवून वाढवता येतं. शिवणीलगत कापून कडेला ओव्हरलॉकची टीप मारलेली असेल तर काही करता येत नाही.

लांबी पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर संपू देऊ नकोस. गुडघ्याच्या किंचित खाली, नाहीतर थेट घोट्याच्या वर. स्कूटीवर फार घेर नको, चाकात जातो.

‘जाड बाईंनी काळंच घालावं’ म्हणणारा दुकानदार भेटेलच. त्याला म्हणावं, भर दुपारी काळा शर्ट घालून बर्डीवर उभा राहा. कापड कॉटन घे. मलमल छान, पण अस्तर लागतं. रेयॉन सुरेख पडतं, मात्र पहिल्या धुण्यात आटतं, तेव्हा लांबीला थोडं जास्तच घे. पॉलिस्टर उन्हाळ्यात नकोच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मांड्या भरल्या की चालताना घासतात, घामाने सोलवटतात. स्कर्टच्या आत होजिअरीची गुडघ्याच्या वर येणारी शॉर्ट घाल.

ट्रायल रूममध्ये नुसती आरशासमोर उभी राहू नकोस. खाली बस, एक पाय स्टुलावर ठेव, मग पैसे दे.

मनासारखं काहीच मिळालं नाही तर चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं अडीच-तीन मीटर कॉटन घे, रात्रभर भिजवून वाळव आणि शिवायला टाक. सहा कळ्या सांग, खिसेही सांग. लग्नसराईत शिंपी महिना महिना लावतात, म्हणून कापड याच आठवड्यात दे.

तुझी,
मावशी