शेल स्क्रिप्टमधल्या 'आर्ग्युमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

मुंबईतल्या एका कॉलेजात शेल स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आदेशांची फाइल) शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: मराठी टिपणं काढताना भाषांतराच्या यंत्राने 'कमांड लाइन आर्ग्युमेंट'चं (आदेशाच्या नावापुढे लिहून त्याला दिलेल्या माहितीचं) 'आदेश ओळ युक्तिवाद' केलं, ते चालेल का?

नाही चालणार. युक्तिवाद हायकोर्टात, स्क्रिप्टला काही पटवून द्यायचं नसतं. इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ खगोलातला आहे: ज्या कोनावरून कोष्टकात दुसरी संख्या शोधायची, तो कोन. आपल्याकडे ग्रहगणितात मंदकेंद्र नावाच्या कोनावरून मंदफल, म्हणजे ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती, काढतात, त्यातल्या केंद्राचं काम तेच. पण टिपणात 'केंद्र' लिहिलंत तर मुलं परीक्षाकेंद्र समजतील.

लोकलच्या तिकीटखिडकीवर आपण म्हणतो, 'दोन ठाणे रिटर्न'. 'तिकीट द्या' हे क्रियापद गाळलेलं. 'दोन' आणि 'ठाणे' ही आर्ग्युमेंटं, 'रिटर्न' हा ऑप्शन. 'ठाणे दोन' म्हटलं तरी खिडकीतल्या माणसाला कळतं. शेलला, म्हणजे आदेश वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, नाही. मराठीत 'दादरहून ठाण्याला' आणि 'ठाण्याला दादरहून' एकच, कारण प्रत्यय शब्दाला चिकटलेला आहे. शेलमध्ये जागा हीच विभक्ती: पहिल्या जागेवर येईल ते डॉलर एक ($1), दुसऱ्या जागेवरचं डॉलर दोन. डॉलर शून्य म्हणजे स्क्रिप्टचं स्वतःचं नाव. दहाव्याचा आकडा महिरपी कंसात घालावा लागतो, नाहीतर शेल डॉलर एक वाचतो आणि त्यापुढे शून्य चिकटवतो.

शब्द कुठे संपतो हेही शेल मोकळ्या जागेवरूनच ठरवतो. ठाणे, दादर बिनघोर जातात. 'ग्रँट रोड' अवतरणचिन्हांशिवाय दिलंत की पहिलं आर्ग्युमेंट ग्रँट, दुसरं रोड. स्क्रिप्टच्या आत डॉलर एक वापरतानाही अवतरणचिन्हं हवीत, नाहीतर नीट आलेलं ग्रँट रोड तिथे पुन्हा फुटतं.

पॅरामीटरला संख्याशास्त्रात 'प्राचल' रुळलाय. शेलमधल्या डॉलर एक, डॉलर दोन या जागेला तो चालेल, जागेत पडणाऱ्या मालाला, म्हणजे आर्ग्युमेंटला, नको.

तेव्हा बाई, 'आर्ग्युमेंट'च लिहा, नपुंसकलिंगी: ते आर्ग्युमेंट, ती आर्ग्युमेंटं. ऑफिसांत 'आर्ग्युमेंट पास कर' सर्रास ऐकू येतं, पण पास रेल्वेचा काढावा. आर्ग्युमेंट नुसतं 'द्यावं'. आणि डॉलर हॅश ($#) यापुढे लिहा, 'किती आर्ग्युमेंटं आली'.