नियम एकच, जोड्या अनेक

प्रिय मुली,

तुझ्या निबंधातल्या ‘शी नॉट ओन्ली लाइक्स म्युझिक बट ऑल्सो डान्स’ या वाक्याखाली मी रेघ मारली, तर तुझा प्रश्न, ‘अर्थ कळतोय ना, मग चूक कुठे?’ चूक जागेची आहे. ‘नॉट ओन्ली’नंतर तू क्रियापद घेतलंस आणि ‘बट ऑल्सो’नंतर नाम. पहिल्यानंतर जे, तेच दुसऱ्यानंतर. क्रियापद तर क्रियापद, नाम तर नाम.

दोन्ही जोडशब्दांवर बोट ठेव आणि वाक्य दोनदा वाच, एकदा पहिला तुकडा घेऊन, एकदा दुसरा. ‘शी लाइक्स म्युझिक’ उभं राहतं. ‘शी डान्स’? पडलं. मग सामाईक ‘लाइक्स’ जोडीच्या आधी आण: ‘शी लाइक्स नॉट ओन्ली म्युझिक बट ऑल्सो डान्स’. याच रीतीने वाक्य आखूडही होतं. ‘यू मस्ट आयदर पे ऑर यू मस्ट लीव्ह’ यातलं दुसरं ‘यू मस्ट’ फुकटचं आहे. ‘यू मस्ट आयदर पे ऑर लीव्ह’. पुन्हा सांगते, पहिल्यानंतर जे, तेच दुसऱ्यानंतर.

जोड्या मोडू नकोस. ‘नायदर’ला ‘नॉर’, ‘बोथ’ला ‘अँड’ (‘ॲज वेल ॲज’ नाही), ‘हार्डली’ला ‘व्हेन’, ‘नो सूनर’ला ‘दॅन’. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ यात ‘डिड’ आल्यावर ‘रँग’ लिहायचं नाही, हे किती वेळा सांगू?

‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर रेडी’ मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं, म्हणून अनेकवचनी कर्ता शेवटी ठेव. कानाला खटकत नाही.

आणि ते ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’! आपल्या ‘जरी-तरी’ची सवय. इंग्रजीत ‘ऑलदो’ आलं की ‘बट’ नको. ‘बिकॉज’ आलं की ‘सो’ नको. ‘दो’बरोबर ‘येट’ व्याकरणाच्या पुस्तकांत सापडेल, पण तेही गरजेचं नसतं.

मला कीस काढणारी म्हण, हरकत नाही. गुण कापणारा परीक्षक अर्थ लागला की नाही याचा खुलासा करत बसत नाही.

तुझ्या निबंधाच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘नॉट ओन्ली’ चारदा आलंय. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वजनदार असेल तिथेच ते शोभतं. तीन ठिकाणी साधं ‘अँड’ लिही. चौथं कुठलं ठेवायचं, ते तू ठरव.

तुझी,
बाई