कंडोम वापरूनही गुप्तरोग होतो का? एकावर एक दोन घातले तर?

दोन घालायचा तुमच्या मित्राचा सल्ला आधी निकालात काढतो: नका घालू. एकमेकांवर घासून फाटायची भीती असते. नीट घातलेला एक पुरतो.

आता मुख्य प्रश्न. हो, होऊ शकतो. मला झाला होता, आणि तेव्हा मीही 'कंडोम वापरतो' असं छातीठोकपणे सांगायचो. लघवीला आग आणि चड्डीवर पिवळट डाग दिसायला लागले तेव्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कधी घालता?" म्हटलं, "शेवटी शेवटी." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मूल राहू नये एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता (तोही कच्चा, कारण वीर्याआधी येणाऱ्या स्रावातही शुक्राणू असू शकतात). मला झालेल्या परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, जंतू शेवटापर्यंत कशाला थांबतील?

मग समुपदेशकाने एक लाकडी नमुना आणि एक पाकीट पुढे ठेवलं. घालून दाखवा म्हणाला. मी पाकीट दाताने फाडलं. कंडोम उलगडेना, म्हणून पालथा करून तोच पुन्हा घातला. टोक चिमटीत धरायचं तर कधी ऐकलंच नव्हतं. त्याने हसू दाबलं असावं.

दाताने कंडोमला चीर जाऊ शकते. उलटा लागला तर तो टाकून नवीन घ्यायचा, कारण पालथा केला की टोकाला लागलेला थेंब बाहेरच्या बाजूला येतो. टोक चिमटीत धरायचं ते आतली हवा काढायला आणि वीर्याला जागा ठेवायला. काम झाल्यावर ताठरता जायच्या आत, बुडाशी रिंग धरून बाहेर यायचं. खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने चेपलेला कंडोम वापरू नका, उष्णतेने आणि घासण्याने तो कमजोर होतो. आणि तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल यांतलं काहीही लेटेक्सला लावायचं नाही, काही मिनिटांत रबर खराब व्हायला लागतं. पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या जेलीने काही होत नाही.

एवढं सगळं पाळूनही थोडी फट राहतेच. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया हे स्रावातून पसरतात, तिथे कंडोम उत्तम काम करतो. हर्पीस, एचपीव्ही आणि उपदंश, म्हणजे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो, कातडीला कातडी लागूनही पसरतात, आणि कंडोमने न झाकलेली जागा उघडीच असते. उपदंशाची पहिली जखम तर बहुतेकदा दुखतही नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते आणि माणूस खूश होतो, रोग मात्र आतच राहतो. परमा आणि उपदंश तोंडाने केलेल्या संबंधातूनही लागतात, हे मला तिशीत कळलं.

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी एकदा फाटला होता, पण त्रास काही नाही. त्रास नाही यावर विसंबू नका. माझ्या जोडीदारालाही काही त्रास नव्हता, तपासणीत तिलाही परमाच निघाला. कोणाचं कोणाला लागलं यावर आम्ही दोन दिवस भांडलो, आणि ते काही रिपोर्टवर लिहून येत नाही. औषध मात्र दोघांनी एकदमच घेतलं, नाहीतर पुन्हा एकमेकांना दिलं असतं.

फाटल्यावर ७२ तासांच्या आत गेलात तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू करता येतात, त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. तुमची ती वेळ गेली. पण तीन महिने उलटल्यामुळे आता एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली तर त्यावर विश्वास ठेवता येईल, मधल्या काळात पुन्हा धोका घेतला नसेल तर. एचआयव्ही आणि उपदंश रक्तात कळतात. परमा आणि क्लॅमिडियासाठी लघवी देतात, तीही पहिल्या धारेची, आणि त्याआधी तासभर लघवीला जायचं नाही. मी घाबरून तिथे पोचताच जाऊन आलो होतो. मग त्या बाकावर, सगळ्यांच्या नजरा चुकवत, पुरा एक तास बसावं लागलं.