अमेरिकेत एम.डिव्ह.ला निघालेल्या पास्टर भाऊंना

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) झालीय, काही वर्षं मंडळी सांभाळताय, आता अमेरिकेत एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) करायचंय, पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत न्यायचेत, आणि शिकून परत येऊन आपल्याच मंडळीची सेवा करायचीय. सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं धर्मशास्त्राचं कॉलेज, कोणती निवडू, हा प्रश्न. मी मात्र ‘परत येऊन’ पाशीच अडकले, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. फी, फॉर्म, सेव्हिसचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचे, पैसे कसे भरायचे, हे सगळं सेमिनरीच्या वेबसाइटवर आहे. ते मी उगाळत नाही.

आधी एक स्पष्ट सांगते. तुम्हाला एम.डिव्ह.ची गरज नाही. ती तिकडची पाळकीय दीक्षेसाठीची पहिली पदवी, किमान ७२ क्रेडिटची, पूर्णवेळ केली तर साधारण तीन वर्षांची. हिब्रू, ग्रीक, जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, उपदेशाचं शास्त्र. यातलं काय तुम्ही बी.डी.ला केलं नाही? सेरामपूर कॉलेज १८१८ चं, डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याची सनद दिली. त्या बी.डी.ला तिकडच्या बऱ्याच सेमिनरी एम.डिव्ह.च्या तोडीची मानतात आणि थेट त्यापुढच्या टी.एच.एम.ला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) घेतात. ते एका वर्षात होतं. प्रिन्स्टन सेमिनरीत आहे, इतरही ठिकाणी आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बी.डी. हातात असताना मी पुन्हा बाविशीतल्या पोरांच्या शेजारी बसून ‘काताल, कातला, काताल्ता’ म्हणत हिब्रूची क्रियापदं घोकली. गुण उत्तम पडले, पडणारच होते.

मंडळी न सोडता शिकायचं असेल तर डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) आहे. ती सेवेत असलेल्या पाळकांसाठीच असते, वर्षातून थोडेच आठवडे जावं लागतं. पुढे सेमिनरीत शिकवायचं मनात असेल तर पीएच.डी., पण मग जर्मन, फ्रेंच वाचता येण्याची तयारी ठेवा. आणि लँगहॅमची शिष्यवृत्ती बघा. इंग्लंडचे पाळक आणि लेखक जॉन स्टॉट यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या ट्रस्टमधून ती उभी राहिली. आपापल्या देशात परत जाऊन शिकवणाऱ्यांसाठीच ती असते.

अजून एक. आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, देणारी सेमिनरी खरोखर वर्ग भरवते का, ते विचारून घ्या. बरंचसं शिक्षण आता ऑनलाइन गेलंय आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ अभ्यासात धरला जातो. कॅम्पस विकणं हे तिकडे आता नवल राहिलेलं नाही. १८१३ मध्ये मुंबईला उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल ज्या अँडोव्हर सेमिनरीत शिकले, तीसुद्धा आपलं आवार सोडून २०१७ मध्ये येलच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये जाऊन बसली. ज्यांनी आपल्याकडे माणसं पाठवली, त्यांची घरं रिकामी होताहेत आणि आपण त्यांच्या दारात अर्ज घेऊन उभे. यावर मी कधीतरी उपदेश करणार आहे.

कागदपत्रांचं काय सांगू! बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माझं नाव एक, बी.डी.च्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि तेही माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. तिन्ही बायका एकच आहेत हे पटवायला ॲफिडेव्हिट, मग त्या ॲफिडेव्हिटवरच्या स्पेलिंगसाठी दुसरं ॲफिडेव्हिट. गुणपत्रिका सीलबंद पाकिटात हवी होती. कॉलेजच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी पाकीट नीट बंद केलं, शिक्का मारला आणि मग आत काय घातलं ते मला दाखवायला माझ्यासमोरच उघडलं. पुन्हा अर्ज, पुन्हा ‘साहेब रजेवर आहेत’. तुमच्या पत्नीची कागदपत्रं आजच काढून नावं जुळतात का बघा. तुमची बहुधा जुळतील. पुरुषांची जुळतात.

पत्नी काय करतील, हे तुम्ही विचारलंच नाहीत. एफ-टू, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर त्यांना नोकरी करता येणार नाही, पगाराची कसलीच नाही. शिकता येईल, पण अर्धवेळ. आमच्याकडे उलटं होतं, विद्यार्थी मी आणि एफ-टूवर आमचे मिस्टर. हायस्कूलला गणित शिकवणारा माणूस, माझं शिक्षण संपेपर्यंत घरात बसला. डबा, कपडे, मुलीला शाळेत सोडणं-आणणं, सगळं केलं. मंडळीतली माणसं त्यांना प्रेमाने विचारायची, ‘आणि तुम्ही काय करता?’ तेव्हा ते हसून वेळ मारून न्यायचे. तक्रार केली नाही. आता करतात, अधूनमधून, दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर बोलता बोलता.

मुलाच्या शाळेबद्दल मात्र नीट ऐका. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म देतात, घरी कोणती भाषा बोलता? मुलाला आधी कोणती भाषा आली? आम्ही मराठी लिहिलं. खरं तेच लिहिलं. माझी मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, गोष्टींची इंग्रजी पुस्तकं एकटी वाचणारी. चाचणी घेतली, पोर नव्या जागेत बुजून गप्प बसली आणि तिला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात टाकलं. बाकीची मुलं विज्ञानाला जायची, तेव्हा ही चित्रावर बोट ठेवून ‘ॲपल’ म्हणायची. मी भेटायला गेले, तर बाई अतिशय गोड बोलल्या आणि म्हणाल्या, पुढच्या चाचणीपर्यंत थांबावं लागेल. ती चाचणी वर्षाच्या शेवटी! त्या वर्षात मुलीने घरी मराठी बोलणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं. मला आजही त्या गोड बोलणाऱ्या बाईंचा राग येतो आणि क्षमेवर मी इतरांना उपदेश करते. तुम्ही फॉर्मवर खरंच लिहा, पण सोबत मुलाच्या वह्या, प्रगतिपुस्तक, वाचलेली पुस्तकं घेऊन जा आणि चाचणीला त्याला दमलेला नेऊ नका.

एकटेपणा येतो. त्यावर इलाज नाही. पुढे.

एम.डिव्ह.च्या बाजूने मी एकच गोष्ट सांगेन: बऱ्याच ठिकाणी त्यात सी.पी.ई. येतं, म्हणजे हॉस्पिटलमधल्या सेवेचं प्रशिक्षण. एक युनिट ४०० तासांचं. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दन्‌शब्द लिहायचं, मध्ये कोण किती वेळ गप्प होतं तेसुद्धा, आणि मग ते गटासमोर वाचायचं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक वयस्कर बाई मला म्हणाली, मुलगा फोन उचलत नाही. मी तिचा हात धरून लगेच प्रार्थना केली. कागद वाचून झाल्यावर सुपरवायझरने विचारलं, “प्रार्थना कुणाला हवी होती? तिला, की तुला त्या खोलीतून बाहेर पडायला?” रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्या बाईला प्रार्थना हवीच होती, माझ्याआधी ‘आमेन’ तीच म्हणाली, हे माझं मत कायम आहे. पण तेव्हापासून मी आधी बसते, मुलगा फोन का उचलत नाही ते विचारते आणि ऐकते. आता हेच आपल्याकडे करून बघा. पाळक घरी आले, तासभर नुसते बसले आणि प्रार्थना न करता गेले, ही बातमी संध्याकाळपर्यंत पंचकमिटीत पोचलेली असेल. तिकडचं शिक्षण तुम्हाला तिकडच्या मंडळीसाठी घडवतं. हळूहळू घडवतं, म्हणून लक्षात येत नाही.

व्हिसाच्या खिडकीवर विचारतात, शिकून काय करणार? मी म्हणाले, परत येऊन स्त्रियांना पवित्र शास्त्र शिकवणार. खोटं नव्हतं. पदवीनंतर ओ.पी.टी.चे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करायचे, १२ महिने मिळतात. तेवढाच अनुभव गाठीशी, असं म्हणून एका छोट्या मंडळीत अर्धवेळ काम घेतलं. इकडे भारतात पत्रं लिहीत होते की मला कुठे ठेवाल. उत्तर आलं नाही, मग आलं ते असं की सध्या जागा नाही, प्रार्थना करतो. तिकडच्या मंडळीने माझ्या आर-वन, म्हणजे धार्मिक सेवकांच्या व्हिसासाठी अर्ज केला. तो मिळतो आधी ३० महिने, एकूण पाच वर्षं. त्यासाठी अर्जाआधीची सलग दोन वर्षं तुम्ही त्याच संप्रदायाचे सभासद असावे लागता. मंडळी खरी आहे का, हे बघायला अधिकारीही येऊ शकतात. एव्हाना मुलगी हायस्कूलला, मिस्टरांना कामाचा परवाना मिळायची आशा. तिकडेच राहायचं असं आम्ही कधी ठरवलं नाही. परत जायचं ठरवायला कुणी बोलावणं धाडलं नाही, एवढंच.

परवा एका भगिनीने फोनवर सहज विचारलं, “ताई, तुम्ही गेलात ते कोणी पाठवलं होतं?” मी म्हटलं, देवाने. ती म्हणाली, “नाही, म्हणजे मंडळीतल्या कोणी?”

म्हणून सेमिनरीचं नाव मी सुचवत नाही. आधी बिशपांना भेटा. ‘पाठवतो’ एवढ्यावर उठू नका. कोणत्या पदावर परत घेणार, किती वर्षांची रजा, प्रॉव्हिडंट फंड चालू राहणार का, तोवर मंडळी कोण सांभाळणार, हे लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्या. कमिटीचा ठराव असेल तर त्याची प्रत घ्या, कारण बिशप बदलतात. तसं पत्र मिळालं तर टी.एच.एम. करा, एक वर्ष, जमलं तर एकट्याने. मुलाची शाळा मोडू नका. पत्र द्यायला टाळाटाळ झाली तर बंगलोरचं यू.टी.सी. (युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज) किंवा पुण्याचं यू.बी.एस. (युनियन बिब्लिकल सेमिनरी) बघा, एम.टी.एच., म्हणजे आपल्याकडचं मास्टर ऑफ थिऑलॉजी, तिथेही होतं. आणि तरीही जायचंच असेल तर जा, पण ‘परत येऊन’ हे वाक्य पत्नीसमोर एकदा मोठ्याने म्हणून बघा आणि त्या काय म्हणतात ते ऐका.

पत्र हातात आलं की कळवा. आय-ट्वेंटीसाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. त्यात सेमिनरीची शिष्यवृत्ती आणि मंडळीची मदत कशी मांडायची, ते तेव्हा फोनवर सांगेन.