सही करण्याआधी घर बघ

प्रिय,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, बालगृहाचं अधीक्षकपद घेतलं तर मुलांपासून तुटेन का?" तेव्हा बोलले नाही, माझा आवाज चढला असता. म्हणून लिहिते.

पद घे. बालगृह कुणीतरी चालवणारच, आणि मुलांना हजेरीपटावरचे आकडे समजणारा माणूस त्या खुर्चीत बसलेला मला नको आहे. पण गृहभेट, म्हणजे मुलांच्या घरी जाऊन बघणं, सोडू नकोस. आठवड्यातला एक दिवस, काय वाटेल ते झालं तरी.

संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 3 तुला पाठ आहे. पण बाकीचे उपाय खरंच संपलेत का, हे ऑफिसात बसून कसं कळणार? मुलाच्या घरची चौकशी 15 दिवसांत संपवायची असते. चौदाव्या दिवशी अहवाल कसे लिहिले जातात ते तू पाहिलंयस. "घर एका खोलीचं, पालक असमर्थ." झालं, मुलगा आत.

मी नवी अधीक्षक असताना अशाच एका अहवालावर सही केली. नऊ वर्षांचा मुलगा, "आजी सांभाळ करण्यास असमर्थ". त्या पावसाळ्यात छप्पर गळत होतं, अनुदान अडकलं होतं, स्वयंपाकीण सोडून गेली होती. मला वेळ नव्हता, हे खरंच आहे. दीड वर्षाने आजीकडे गेले. म्हातारी धडधाकट, बाजारात भाजी विकणारी. चौकशीला माणूस आला त्या दिवशी ती तापाने पडून होती, एवढंच. नातवाचा शाळेचा दाखला तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. म्हणाली, "कुणी मागितलाच नाही." मूल घरीच सांभाळता यावं म्हणून मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेतून आज अशा घराला दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. तेव्हा रक्कम थोडी होती, पण तिला तेवढीही पुरली असती.

त्यानंतर माझा मंगळवार मी कुणालाच दिला नाही. "अधीक्षक जागेवर नसतात" असे शेरे आले, एक बढती गेली. घरची चौकशी हे परिविक्षा अधिकाऱ्याचं काम, तुम्ही कशाला जाता, असं सगळे विचारायचे. अरे, सही माझी होती ना! माझ्या मंगळवारांमुळे नोंदवह्या मागे पडायच्या आणि आमच्या लिपिकबाई संध्याकाळी थांबून त्या पुऱ्या करायच्या. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. गेल्याबद्दल नाही वाटत, आजही नाही.

व्यवस्थापनाचा कोर्स आधी करू का, म्हणतेस. कर गं, पण त्याच्या आड लपू नकोस. निविदा, पाळ्या, तपासणी पथक, हे सगळं सहा महिन्यांत अंगवळणी पडतं.

रुजू झालीस की सगळ्यात जुन्या मुलाची फाईल काढ आणि त्यातल्या पत्त्यावर जा. जिल्हा लांब असेल तर रात्रीची एसटी पकड. घर सापडलं नाही तर अंगणवाडीच्या ताईंना विचार, त्यांना गल्लीतलं घर न् घर माहीत असतं. एकटीला जायचं नसेल तर आदल्या दिवशी कळव. गुडघे दुखतात, पण येईन.

तुझी,
ताई